चौदा मजल्यांचा लोड

हे कुणी मानायचं नाही. आजवर कुणी मानलेलंही नाही, त्यामुळे आणखी एकानं मान हलवली तर काही बिघडत नाही. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, हातात चहाची बशी धरून बसल्या बसल्या विश्राम धुरी माजिवड्याच्या जनरेटरचा कितव्या नंबरचा टॅपेट ढिला झालाय ते सांगायचा. मध्ये खाडी, मध्ये पारसिकचा डोंगर, मध्ये हायवेवरचे सगळे ट्रक. तरी सांगायचा. पावसाळ्यात आवाज भिजून जड होतो आणि वाटेतच कुठेतरी खाली बसतो, म्हणून जून ते सप्टेंबर त्याचा अंदाज एखाद्या टॅपेटनं चुकायचा. हे तो आपणहून कबूल करायचा. माणूस प्रामाणिक.

सोसायट्या, दवाखाने, लग्नाचे हॉल यांच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जी डिझेल इंजिनं उभी असतात, वीज गेली की धडधडून उठतात आणि आली की विसरली जातात, ती सांभाळायचं काम विश्राम पंचेचाळीस वर्षं करत होता. देवगडकडून आला तेव्हा मोहन्याला एका बर्फाच्या कारखान्यात लागला. तिथलं इंजिन दुमजली घराएवढं होतं. ते बंद पडलं की आजूबाजूच्या घरांतली पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची, इतकी त्यांना त्या धडधडीची सवय. ही गोष्ट खरी असण्याचा थोडा तरी संभव आहे. पण कल्याणच्या एका हॉलमध्ये ऐन पंगतीच्या वेळी डिझेल संपलं, तेव्हा विश्रामनं कढईतलं उरलेलं तळणीचं तेल गाळून टाकीत ओतलं, इंजिन दोन तास चाललं, धुराला कांदाभज्यांचा वास सुटला आणि रस्त्यावरची माणसं प्लेट घेऊन सायलेन्सरमागे रांगेत उभी राहिली, हे मात्र त्यानं जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा रांग लांब होत गेली. अलीकडे ती स्टेशनपर्यंत पोचली होती.

या सगळ्या गोष्टींचा नायक एकच, विश्रामचा कान.

आणि त्या कानाबद्दलची खरी गोष्ट अशी, की तो गेला होता. डावा कान बर्फाच्या कारखान्यातच राहिला म्हणायचा. उजवा हळूहळू गेला. आधी कोकिळा गेल्या, मग कुकरच्या शिट्ट्या, मग दाराची बेल, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत माणसंही गेली. समोरच्याचे ओठ दिसत असले तर विश्रामला सगळं कळायचं. मोहन्याच्या इंजिनाशेजारी कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही, तेव्हा ओठ वाचायला तो विशीतच शिकला होता. दाढी-मिशीवाल्यांशी मात्र त्याचं जमायचं नाही. तोंडाला मास्क लावायची ती वर्षं तर त्यानं कशी काढली ते त्याचं त्यालाच माहीत. पण त्याच वर्षांत त्याला मोठा शोध लागला. आपण बोलत राहिलो की ऐकावं लागत नाही. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत कांदाभज्यांची गोष्ट सुरू केली की समोरचा ऐकणारा होतो, आणि ऐकणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुम्हाला ऐकू येतं का.

बायकोला, शेवंतीला, हे ठाऊक होतं. चाळीस वर्षांत जे तोंडावर बोलता आलं नव्हतं ते ती आता त्याच्या पाठीमागे उभी राहून, भाजी निवडता निवडता, सावकाश बोलून घ्यायची. तिची तब्येत त्यामुळे बरीच सुधारली होती. ती कशाला कुणाला सांगते?

सोनलला मात्र संशय आला होता. सोनल ही त्यांची मुलगी, चौतीस वर्षांची. मेकॅनिकल डिप्लोमा करून सहा-सात वर्षं नोकरी केली, मग बापाचा धंदा हातात घेतला. छोटी व्हॅन घेतली, फोनमध्ये प्रत्येक इंजिनाची कुंडली ठेवली, कुणाचं ऑइल कधी बदललं, कुणाचा बेल्ट कधी. गेल्या महिन्यात एका तळघरात विश्राम इंजिनाच्या पंख्याशी वाकून होता. तेवढ्यात वीज गेली. इंजिन आपोआप सुरू होणारं होतं आणि त्याचा स्विच बंद करायचा राहिला होता. सोनल दारातून ओरडली, हात काढा म्हणून. विश्राम शांतपणे पान्हा फिरवत होता. तिनं धावत येऊन त्याला शर्टाच्या कॉलरला धरून मागे खेचलं, आणि पंखा फिरला. घरी येईपर्यंत विश्रामनं त्याची एक झकास गोष्ट बनवली होती. तीत पंखा त्याला पाहून स्वतःहून थांबतो. सोनल हसली नाही. दोन दिवस जेवलीही नाही नीट.

मग एका संध्याकाळी तिनं खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली आणि विषय काढला. नौपाड्यात कानाचे डॉक्टर आहेत, तपासून घेऊ, यंत्र बसवायचं तर बसवू. विश्रामनं जोरदार नकार दिला. कानात यंत्र घातलेल्या मिस्त्रीच्या हाती इंजिन कोण देईल, उद्या लोक म्हणतील धुरी संपला. माझा कान अजून सोन्यासारखा आहे, हवं तर परीक्षा घे, असंही तो बोलून गेला. बोलायला नको होतं ते.

"ठीक आहे," सोनल म्हणाली. "रविवारी माजिवड्याला जायचंय, नीलपर्ण सोसायटीत. कंपनीचा माणूस म्हणतोय इंजिन संपलं, नवीन घ्या. तुम्ही ते न उघडता, नुसतं ऐकून सांगायचं काय झालंय. बरोबर निघालं तर मी परत कानाचं नाव काढणार नाही. चुकलं, तर सोमवारी नौपाडा, आणि त्यानंतर तुम्ही घरी. एकाही इंजिनाजवळ जायचं नाही. मला परत कॉलर धरायची नाहीये, बाबा."

विश्रामनं तिचे ओठ नीट वाचले. शेवटच्या वाक्याला ते थोडे कापत होते, तेवढं सोडून सगळं स्पष्ट होतं.

रविवारी सकाळी साडेनऊला व्हॅन नीलपर्णच्या फाटकात शिरली. चौदा मजल्यांची एकच इमारत, दोन लिफ्ट, मागच्या बाजूला छोटी बाग, बागेच्या टोकाला जनरेटरची शेड. शेडच्या तोंडाशी तीन माणसं उभी होती. सोसायटीच्या सेक्रेटरी उत्तराबाई लिमये. नौपाड्यातल्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि अजूनही समोरचा माणूस पायरी गाळतोय का ते पाहणाऱ्या. दुसरा वॉचमन धाकू, बाळकुमचा, सोसायटी बांधली तेव्हापासूनचा. तिसरा कंपनीचा इंजिनिअर सौमित्र, हातात लॅपटॉप, आणि विश्रामचं दुर्दैव असं, की गालभर दाढी आणि ओठांवर उतरलेल्या मिशा.

काय झालं होतं ते उत्तराबाईंनी मुद्देसूद सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी वीज गेली. जनरेटर सुरू झाला. दोन्ही लिफ्टचा भार आल्यावर त्याला धाप लागली, काळा धूर ओकला, सायलेन्सरमधून काळं तेल गळलं आणि पाच मिनिटांत बंद पडला. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईंना धाकूनं स्टूल लावून बाहेर काढलं. सौमित्रनं तपासून सांगितलं, तेल वर चढतंय म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन चोवीस वर्षांचं आहे, त्यात आता हात घालण्यात अर्थ नाही. आज अकराला कमिटीची बैठक होती आणि तीत निकाल लागायचा होता.

"आणि आम्ही इतकं जपलं हो त्याला," उत्तराबाई म्हणाल्या, आणि गणिताच्या बाईंचा आवाज जरा ओला झाला असावा, कारण सोनलनं मान खाली घातली.

जपलं होतं यात शंका नाही. जनरेटरला निळ्या रेक्झिनचं कव्हर होतं, नाडीसकट, उत्तराबाईंनी स्वतः मशीनवर शिवलेलं. रंग असा की आत्ताच दुकानातून आणलाय. पुढच्या दारावर हळदीकुंकू, खाली नारळाच्या शेंड्या. धाकूनं छातीवर हात ठेवून सांगितलं, दर शनवारी दहा वाजता नारळ फोडून इंजिन चालू करतो, अकरा वर्षांत एक शनवार चुकवला नाय, बाय.

विश्राम पुढे झाला. आता परीक्षेला बसायचं होतं. त्यानं धाकूला इंजिन सुरू करायची खूण केली, पायातल्या चपला काढल्या आणि पेटीतून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची, म्हणजे आतला आवाज कानात येतो, ही मिस्त्री लोकांची जुनी पद्धत. विश्रामनं मूठ कानाजवळ नेली, डोळे मिटले, मान डोलावली, आणि सगळ्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर खिळल्यावर हळूच ती गालाच्या हाडाशी दाबली. कानानं ऐकू आलं नाही तरी हाडाला कळतं. हाड सांगत होतं, चारही सिलिंडर आपापलं काम करताहेत. ठोका नाही, खडखड नाही. तळपायालाही तेच कळत होतं, लादीखालून येणारी थरथर एकसारखी होती. हे मरणारं इंजिन नव्हतं.

मग हे तेल कुठलं?

त्यानं सायलेन्सरच्या जोडावरून बोट फिरवलं. काळं, चिकट, काकवीसारखं. नाकाशी नेलं. इंजिन ऑइलचा जळका वास असतो, हा तसा नव्हता. हा कच्च्या डिझेलचा होता, डोळ्यांना झोंबणारा. त्यानं धूर जाणाऱ्या पाइपावर तळहात ठेवला. इंजिन सुरू होऊन सात-आठ मिनिटं झाली होती, एव्हाना हात भाजायला हवा होता. पाइप नुसता कोमट होता, चहा विसरून राहिलेल्या पेल्यासारखा. विश्रामनं मान वर केली. भिंतीवर खिळ्याला एक लांबट वही लटकत होती. ती उघडून तो पानं उलटू लागला. धाकूच्या ठसठशीत अक्षरात अकरा वर्षांचे शनिवार एकाखाली एक. चालू दहा वाजता. बंद दहा वाजून दहा मिनिटांनी. आणि शेवटच्या रकान्यात, प्रत्येक शनिवारी, एकच शेरा : लोड नाही.

त्याला एकदम हसू आलं. ते त्यानं मिशीत दाबलं. इतक्या लवकर निकाल सांगितला तर त्याला किंमत राहत नाही.

आधी त्यानं तासाभराची गोष्ट पाच मिनिटांत सांगितली. एका राजघराण्याच्या हत्तीची. हा हत्ती इतका लाडका, की त्याला अकरा वर्षं कुणी ओझं उचलू दिलं नाही, रोज नुसता दारापर्यंत आणायचा, आरती करायची आणि परत बांधायचा. बाराव्या वर्षी लग्नाच्या वरातीत त्याच्या पाठीवर नवरामुलगा चढवला, तर हत्ती तिथंच बसला आणि रडायला लागला. तो हत्ती विश्रामनं स्वतः पाहिला होता. अश्रू बादलीत धरले होते.

"मुद्द्यावर या, धुरी," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ शिक्षिकेचे, प्रत्येक अक्षर सुटं, विश्रामला त्या फार आवडल्या.

मुद्दा असा होता. डिझेल इंजिनाला काम पाहिजे. भार आला की ते तापतं, तापलं की डिझेल पुरतं जळतं. भाराशिवाय दहा मिनिटं चालवलं तर ते तापतच नाही, अर्धं डिझेल न जळता आत राहतं, काजळीत मिसळून चिकटा होतो आणि सायलेन्सरपर्यंत साचत जातो. एकदा-दोनदा चालतं. इथे अकरा वर्षं, दर शनिवारी, नारळ फोडून तेच केलं होतं. रिंगा शाबूत आहेत. इंजिनाला रोग नाही, त्याला लाडानं धरलंय.

धाकूनं आधी उत्तराबाईंकडे पाहिलं, मग छपराकडे. लोड न देण्याचा हुकूम उत्तराबाईंचाच होता. पहिल्यांदा शनिवारी लिफ्ट जनरेटरवर घेतली तेव्हा तिनं हिसका दिला होता, आणि त्यांनी ठरवलं होतं, उगाच कशाला त्रास द्यायचा, लागेल तेव्हा लागेल. ज्या घरांत चांगला डिनर सेट काचेच्या कपाटात असतो आणि सोफ्यावरचं प्लॅस्टिक तीन पिढ्या निघत नाही, त्या घरांतल्या माणसांनी जनरेटरही तसाच ठेवला होता. घरोघरी हेच चालतं, त्यामुळे कुणाला ते चुकीचं वाटलंच नव्हतं.

सौमित्र दाढीतून काहीतरी बोलला. विश्रामला अक्षर कळलं नाही, पण मुलाच्या भुवया आडव्या होत्या, म्हणजे हरकत असणार. त्यानं हरकतीला उत्तर देण्याऐवजी उपाय सांगून टाकला. दोन-अडीच तास भरपूर लोडवर चालवायचं. हळूहळू चढवत न्यायचं. आतली सगळी घाण जळून बाहेर पडेल. लोडच्या मीटरचा काटा आत्ता शंभरात पाचावर आहे, तो साठाच्या वर गेला पाहिजे आणि तिथं राहिला पाहिजे. राहिला तर इंजिन ठीक. धाप टाकून बंद पडलं तर सौमित्र खरा, मी खोटा.

आणि तसं झालं तर सोमवारी नौपाडा, हे फक्त बापलेकींना माहीत होतं.

अडचण एकच होती. लोड आणायचा कुठून? जनरेटरवर घरं नव्हती. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे आणि क्लबहाऊस, एवढंच. सगळं लावूनही काटा चाळिसाच्या पुढे जाईना, आणि लिफ्ट तर कुणी बसेल तेव्हाच चालणार. यावर गणिताच्या बाईंनी दोन मिनिटं बोटांवर काहीतरी केलं आणि मग पदर खोचला.

पुढचे अडीच तास नीलपर्ण सोसायटीत जे झालं ते माजिवड्यात अजून सांगतात, आणि सांगणाऱ्यांत विश्राम असला तर मजले चौदाचे बावीस होतात.

आधी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप गेला : ज्यांची इस्त्री करायची राहिली आहे त्यांनी इस्त्री आणि कपडे घेऊन क्लबहाऊसमध्ये यावं. दहा मिनिटांत अकरा इस्त्र्या आल्या. मग लिफ्टचा कायदा झाला. भरलेली लिफ्ट वर चढते तेव्हा मोटरला जोर लागतो. रिकामी खाली येते तेव्हाही लागतो, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टहून जड वजन असतं आणि ते वर ओढावं लागतं. पण भरलेली लिफ्ट खाली आली तर ती माणसांच्या वजनानं आपोआप येते, मोटर आराम करते. तेव्हा नियम असा की माणसांनी लिफ्टनं फक्त वर जायचं. खाली यायचं ते जिन्यानं, आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. हा नियम विश्रामनं सांगितला आणि उत्तराबाईंनी तो बरोबर असल्याची तिथल्या तिथे खात्री करून घेतली. मग त्या लिफ्टच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक फेरीत सहा माणसं मोजून आत घालू लागल्या, पाच नाही आणि सात नाही.

पहिल्या अर्ध्या तासात सायलेन्सरनं असा धूर सोडला की बागेतली जास्वंद काळी दिसायला लागली. काळे थेंब उडाले. पार्किंगमधली एक पांढरी गाडी ठिपक्यांची झाली, तिचे मालक तेव्हा नवव्या मजल्यावरून चौथ्यांदा उतरत होते, त्यामुळे त्यांना ते उशिरा कळलं. सौमित्र आधी हाताची घडी घालून उभा होता. मग तो मीटरपाशी वाकला, मग त्यानं लॅपटॉप धाकूच्या स्टुलावर ठेवला, आणि तासाभरानं पंपाची चावी फिरवायला तोच पळत होता. सोनल काट्यावरून नजर हलवत नव्हती. पन्नास. पंचावन्न. एकदा इंजिन गुदमरलं, काटा थरथरून खाली आला, आणि विश्रामला तळपायात ते कळलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. हात वर करून क्लबहाऊसकडे दोन इस्त्र्या कमी करायची खूण केली, पाच मिनिटं थांबला, आणि पुन्हा वाढवायला लावल्या.

क्लबहाऊसमध्ये तोवर कपडे संपले होते. मग पडदे आले, उशांचे अभ्रे आले, एका गृहस्थांनी रुमाल पुन्हा चुरगाळून पुन्हा इस्त्री केले. दोन वर्षं एकमेकांशी न बोलणारे पाचव्या आणि सहाव्या मजल्यावरचे शेजारी पार्किंगच्या जागेवरून भांडलेले होते. सहाच्या मोजणीत ते सारखे एकाच लिफ्टमध्ये येत होते. पाचव्या फेरीला एकानं दुसऱ्याला गुडघ्याचं तेल सुचवलं. विश्रामच्या म्हणण्याप्रमाणे त्याच दुपारी त्यांनी मुलांची लग्नं ठरवली. तेवढं सोडून द्या.

साडेबाराच्या सुमाराला काटा पासष्टवर गेला आणि तिथंच बसला. धूर काळ्याचा राखाडी झाला, राखाडीचा निळसर, आणि मग एका क्षणी दिसेनासाच झाला. सायलेन्सरच्या तोंडावर नुसती हवा थरथरत होती. पाइपावर हात ठेवायची आता कुणाची छाती नव्हती. सौमित्रनं सायलेन्सरचा जोड तपासला, कोरडा. तो विश्रामपाशी आला, आणि मुलानं दाढी बाजूला सारली असावी की काय, पण या खेपेला विश्रामला त्याचे ओठ दिसले. "मानलं, काका," असं ते म्हणत होते.

अकराची कमिटीची बैठक शेवटी बागेत उभ्या उभ्या झाली. नवीन इंजिन रद्द. यापुढे शनिवारी अर्धा तास, लिफ्ट आणि पंप लावून. नारळ चालेल.

मग विश्रामला बागेतल्या झोपाळ्यावर बसवलं. गुळपोळी आली, ताक आलं. तो मधोमध बसला, पाय जमिनीपासून वीतभर वर, पाठ शेडकडे, आणि समोर चौदा मजले उतरून लाल झालेले तीस-पस्तीस चेहरे. इतके चेहरे, आणि सगळे त्याच्याकडे वळलेले. सोनल मागेच कुठेतरी सामान आवरत होती. कुणीतरी विचारलं, अहो काका, पण न उघडता तुम्हाला कळलं कसं?

वही, वास, कोमट पाइप, गालाचं हाड यांतलं काहीही सांगितलं असतं तरी ती माणसं खूश झाली असती. पण विश्राम परीक्षा जिंकला होता, आणि जिंकलेला माणूस थोडक्यात थांबला तर तो विश्राम कसला? हे तुम्ही मानणार नाही, असं म्हणून त्यानं सुरुवात केली. कळलं ते फाटकातच. फाटकात कसलं, तीनहात नाक्यालाच. इंजिन सुरूसुद्धा झालं नव्हतं, पण बंद इंजिनही श्वास घेतं, आणि ज्याला ऐकायचं कळतं त्याला तो ऐकू येतो. मोहन्याला त्याच्या उस्तादांनी त्याला सहा महिने नुसतं बंद इंजिनाशेजारी बसवलं होतं. सहाव्या महिन्यात त्याला आतल्या तेलाचा थेंब पडलेला ऐकू आला. तेव्हापासून हा कान. कल्याणच्या खाडीवर मासा वळला तरी त्याला त्रास होतो, म्हणून रात्री कापूस घालून झोपावं लागतं. नौपाड्यातले कानाचे डॉक्टर मध्ये भेटले होते, म्हणाले, धुरी, तुमचा कान मेल्यावर आम्हाला द्या.

लोक ऐकत होते. पण त्यांच्या चेहऱ्यांवर काहीतरी वेगळंच होतं. उत्तराबाईंनी ओठांवर बोट ठेवून मागच्या कुणाला तरी गप्प केलं. सौमित्र दाढी खाजवत जमिनीकडे पाहत होता. धाकूचं तोंड उघडं होतं. विश्रामनं ते कौतुकाच्या खाती टाकलं आणि झोपाळ्याला एक हलका झोका दिला.

"आत्तासुद्धा ऐका," त्यानं एक बोट वर केलं. "काय गोड चाललंय बघा. सकाळी कण्हत होतं, आता गुणगुणतंय. तिसऱ्या सिलिंडरचा आवाज अर्धा सूर चढा आहे, पण तो त्याच्या आईकडून आलाय, त्याला इलाज नाही. असा आवाज आणखी वीस वर्षं हलत नाही. ऐकू येतोय ना सगळ्यांना?"

झोपाळा थांबला. तो आपोआप थांबला नव्हता, कुणीतरी मागून साखळी धरली होती. सोनल वळसा घालून समोर आली, हात फडक्याला पुसत. तिचे डोळे भरले होते आणि ओठांच्या दोन्ही कडा हसण्यासाठी आधीच वर गेल्या होत्या. ती त्याच्या समोर गवतावर उकिडवी बसली, चेहरा उजेडात येईल अशी, आणि त्याला एक अक्षरही चुकू नये म्हणून अगदी सावकाश बोलली.

"उद्या साडेदहाला नौपाडा. परवा टिटवाळ्याला इंजिन बघायला तुम्ही आणि मी, दोघंही. आणि बाबा, हे इंजिन मी बंद करून वीस मिनिटं झाली."